मशीनच्या हवाली

प्रिय आय,

तुला जाऊन वर्ष होत आलं. काल पनवेलच्या एसटी स्टँडवर, डायलिसिसला तुझ्याबरोबर असायचे ते पाटणकर गुरुजी भेटले. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या किडन्या गेल्या तेव्हा पनवेलमध्ये डायलिसिसची मशीनं नवीनच आली होती. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा यायला सांगितलं आणि मीठ बंद केलं. गव्हाणच्या मिठागरात जन्म काढलेली तू, त्यावर चक्क हसलीस.

पण मशीन माणसाचं रक्त पितं, असं गावात कोणीतरी तुझ्या डोक्यात भरवलं होतं. पहिल्या दिवशी सुई टोचायच्या आधीच शेजारच्या पेशंटचं मशीन वाजायला लागलं, आणि तू उठून चालू पडलीस. स्टँडवर गव्हाणच्या गाडीची वाट बघत बसलेली सापडलीस.

"तिला ना डोळे, ना जीव. माजं रगत तिच्या हवाली कसं करू?"

मी चारचौघांत ओरडले, "डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?" तू मान खाली घातलीस. अजून सलतं ते. घाबरली होतीस, तर नुसती जवळ का नाही बसले मी?

दुसऱ्या दिवशी कशीबशी तुला परत नेलं. सुनंदा सिस्टरने घाई केली नाही. नळीत हवा शिरली तर मशीन आपणहून थांबतं आणि वाजतं, असं तिने सांगितलं.

"म्हंजे चुकलं की वरडते?"

"हो, मावशी."

"मंग बरी हाय. मानसं चुकली की गप बसतात."

माझ्याकडे न बघता बोललीस, पण मला लागलंच. मग तू हात पुढे केलास.

पुढे अडीच वर्षं मिळाली आपल्याला. माझ्या लेकीच्या शाळेच्या वेण्या तू घातल्यास. शेवटी घरीच, दुपारच्या झोपेत, शांतपणे गेलीस.

गुरुजी म्हणाले, तेही पहिल्या दिवशी पळत होते. "मी पन पळाले होते गुरुजी. पोरीनं आनली, म्हनून जगले," असं सांगून तू त्यांना थांबवलंस. मला का नाही कधी बोललीस हे? इतके दिवस मी उगाच झुरत राहिले.

सोमवारी बेलपाड्याची एक बाई पहिल्यांदा डायलिसिसला येणार आहे. फार घाबरलीय म्हणे. गुरुजींनी विचारलं, याल का? मी जाणार आहे, आय. तिला किती का शंका असेनात, आवाज चढवणार नाही. शब्द देते.

तुझी,
वनिता