शेंदराचा हात

बा, आज वाघबारस. सकाळी वेशीवरच्या वाघोबाला शेंदूर लावून आले आणि चुलीकडे न वळता ओटीवर कागद घेऊन बसले. भाचेसून आत भांडी आपटते आहे, म्हणजे म्हातारीला आज काय झालं असं ती स्वतःशी म्हणत असणार. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझ्याबरोबर खड्डे खणणारं माणूसही आता पाड्यावर कुणी उरलं नाही. तेव्हा हे सगळं सांगायचं तर तुलाच.

लढाईचे दिवस होते. नवऱ्याने दुसरी आणली आणि मला मुरबाडच्या बाजारात तुझ्या ओळखीच्या वाण्याच्या पायरीवर बोचक्यासकट बसवून तो निघून गेला. निरोप मिळाला तसा तू आलास. काय झालं, कुणाचं चुकलं, एका शब्दाने विचारलं नाहीस. बोचकं खांद्यावर टाकलंस आणि वाटेत झाडाच्या चिंचा पाडून माझ्या ओटीत घातल्यास, मी अजून परकर नेसत असल्यासारख्या. घरी वहिनीचं तोंड वाकडं झालं. तुझ्या ध्यानात ते आलं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी तू मला म्हणालास, चल माझ्यासंगं कामावर.

काम म्हणजे मुंबईच्या साहेबाचं. सिद्धगडाच्या पायथ्याला त्याचे तंबू पडले होते आणि तू खोदणाऱ्यांचा मुकादम. डोंगराच्या पायथ्यापासून वर सरळ दोरी धरायची, दोरीवर थोड्या थोड्या अंतराने खड्डा घ्यायचा, वरचा पाचोळा आणि काळी माती बाजूला सारून खालची तांबडी माती हाताने काढायची, खडे-मुळ्या वेचायच्या आणि मांजरपाटाच्या पिशवीत भरायची. पिशव्या गाडीने आसनगावला जात, तिथून रेल्वेने मुंबईला, तिथे मातीची परीक्षा होई. सोनं, तांबं, शिसं, जस्त, जे असेल ते. मातीतून धातू कसा कळणार म्हणून मी विचारलं, तर तू म्हणालास, शेजारच्या घरात काय शिजतंय ते वासावरून कळतं का नाय, तसं. मला ते तेव्हाच पटलं, आजही पटतं. पाणवठ्यावर मात्र बायका पदराआड हसायच्या. एकीने तर तोंडावर विचारलं, "नवरा हरवला नि आता सोनं धुंडतेस का गो?"

मला पिशव्या शिवायचं काम होतं. त्या पिशव्यांना कितव्या दोरीचा कितवा खड्डा ते लिहून चिठ्ठी बांधावी लागे. कारकून त्याला कंटाळलेला. तुला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण तू त्याला म्हणालास, माझ्या पोरीला दाखवा, ती काढील. त्याने निळ्या पेन्सिलीने आकडे काढून दाखवले. माझे चार आणि पाच एकमेकांसारखे यायचे. तू वाचू शकत नव्हतास तरी दोन चिठ्ठ्या शेजारी धरून बघितल्यास आणि मला फटकारलंस, "बाय, ह्या आकड्यावर माणसं कुणाचं तरी शेत खणतील. नीट काढ." त्या दिवसापासून माझा आकडा चुकला नाही. आकड्यांवरून मी अक्षरांवर गेले ते पुड्यांचे कागद वाचत वाचत. आज हे लिहिते आहे ते तिथूनच आलेलं.

आणि रोज सकाळचं ते. दोरी सुरू व्हायची तिथल्या पहिल्या झाडाखाली तू एक दगड मांडायचास, वाघोबा म्हणून त्याला तेल-शेंदूर चोपडायचास, जंगलात शिरणाऱ्यांना सांभाळ म्हणायचास, मग हात पंच्याला पुसून पहिला खड्डा स्वतः घ्यायचास. दुसऱ्या खड्ड्यापासून बाकीचे. देवापुढचा पहिला मान मुकादमाचा.

पेरणीआधी शेतात राब भाजायच्या सुमारास मुंबईहून कागद आला. शिसं लागलं होतं, आणि चांगलं लागलं होतं. साहेब त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजतो आहे. कारकून समजावून सांगतो, प्रत्येक दोरीच्या पहिल्या खड्ड्यात शिसं आहे, म्हणजे डोंगराच्या पायथ्याने त्याची शीरच गेली असणार. आता तिथे लांबच लांब चर खणायचे. पायथ्याला काय होतं? आपली भाताची खाचरं, सबंध पाड्याची. बांध फोडून चर गेले असते तर पावसात पाणी धरायला जागा राहिली नसती. तरी माणसं खूश होती, काम वाढणार होतं म्हणून. मीही बसले होते पिशव्यांच्या ढिगाशी, मनात म्हणत, आता वहिनीच्या चुलीपाशी परत जायला नको.

तू चहा खाली ठेवलास. उजवा तळवा उघडून बघितलास. रेषांमध्ये शेंदूर बसलेला होता, कधीच पुरता न निघणारा. तू उठून साहेबापुढे गेलास आणि हात पुढे केलास.

"साहेब, पयल्या खड्ड्याला माझा हात शेंदराचा असतो. त्याचं काय होतं का बघा."

साहेबाने तुझा हात उजेडाकडे वळवून बघितला. मग त्याने शेंदराची पुडी मागितली, वास घेतला, चिमटीत चोळून पाहिली आणि खुर्चीत बसला. शेंदूर शिशाचाच करतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तो म्हणाला, पहिले सगळे खड्डे पुन्हा घ्या, आणि ज्याचा हात मातीला लागणार त्याने शेंदराला शिवायचं नाही.

इथे माणसं अडली. शेंदूर लावल्याबिगर आमी रानात शिरणार नाय, म्हणाली. सगळ्यांचेच हात मातीत जाणारे. तू इकडे तिकडे बघितलंस आणि शेंदराची वाटी माझ्यापुढे धरलीस. टाकलेल्या बाईने वाघोबाला हात लावायचा, हे कुणाला रुचलं नाही. एक म्हातारा पुटपुटला. तू त्याला हसत म्हणालास, "वाघ काय नवरा इचारून खातो का रं?" माणसं हसली आणि वाट मोकळी झाली. मी डाव्या हाताने शेंदूर लावला, उजव्याने चिठ्ठ्या लिहिल्या. बा, त्या सकाळी सगळ्यांच्या पुढे मी उभी होते आणि तू माझ्या मागे.

नव्या मातीत काही निघालं नाही. तंबू उठले, साहेब शहापूरकडे गेला, कारकुनाने निळ्या पेन्सिलीचा उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. घरी येताना मी रडवेली झाले, आता काय लिहू म्हणाले. तू कणगीकडे बोट दाखवलंस. कुठल्या कणगीत कुठलं बियाणं ते लिही म्हणालास. खाचरं त्या वर्षीही पाण्याने भरली, आजही भरतात, आणि वाघोबाचा शेंदूर तेव्हापासून माझ्याकडेच आहे. कुणी काढून घेतला नाही.

हे पत्र पाठवायचं कुठे? आणि तुला वाचता कुठे येत होतं? कणगीवर ठेवून देते. एकच सांगायचं राहिलं. कागद डाव्या कोपऱ्यात शेंदरी झाला आहे, कारण मी हात न धुताच लिहायला बसले. वाघबारसेला मी तो नेहमी उशिरा धुते. तोवर तो तुझ्या हातासारखा दिसतो.