सुक्या शेवंतीचे हार

भुकूम, १४ मार्च २००८

चि. जुईलीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तू घर सोडून गेल्याच्या चौथ्या दिवशी एक अनोळखी मुलगा दुकानात आला. म्हणाला, "काका, उद्या धरणाकाठी लग्न आहे. उघड्यावर ताजे हार टिकतील की सुके? मोगरा नको, तिला शिंका येतात."

मोगऱ्यानं शिंकणारी नवरी कोण, ते मला तिथंच कळलं.

पाणी मारलेला ताजा हार वाऱ्यातही दिवसभर टिकतो. हे मी कुणाच्या हाताखाली नाही, स्वतः शिकलोय. तरी म्हणालो, "सुकेच न्या." आणि मयताच्या फोटोंसाठी सुकवलेल्या शेवंतीचे दोन हार रागानं बांधून दिले.

काल तोच, तुझा स्वानंद, पेढे घेऊन आला. "हार तुमच्याच हातचे हवेत, म्हणून तिनंच धाडलं होतं मला. हाराची तुमची गाठ चाचपून रडली. म्हणाली, 'आबांनी वळखलं व्हय! म्हणून तर जन्मभर टिकणारा हार दिला.' कपाटात जपून ठेवलाय."

मी पेढा खाल्ला आणि आज हे लिहायला बसलो.

हे पत्र टाकलं तर मला हलकं वाटेल, पण तुझ्या कपाटात मग फक्त मयताचा हार उरेल. म्हणून टाकत नाही.

तुझ्यासमोर मान वर न होणारा,
आबा