सही माझीच होती

ताई,

तुमच्या लेकीला शाळेतून काढावं, असं लिहिलेल्या कागदावर सही माझीच होती. तुम्ही मुख्याध्यापकांना बोल लावत घरी गेलात आणि मी शेजारी उभी असून चकार शब्द काढला नाही.

घंटा झाली की ती कान दाबून किंचाळायची. ‘बाकीच्या मुलांचं नुकसान होतं,’ असं मी लिहिलं. खरं तर हात मीच टेकले होते.

पुढच्या वर्षी मी विशेष शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. “आता स्वतःच्या लेकीच्या बरोबरीनं परीक्षेला बसणार का?” म्हणून घरचे हसले. मागच्या महिन्यात सरावासाठी दुसऱ्या शाळेत गेले, तर तिथे अगदी तुमच्या लेकीसारखी एक मुलगी. घंटेच्या दोन मिनिटं आधी तिच्या बाई तिला घड्याळ दाखवायच्या आणि ती शांतपणे कानांवर हेडफोन चढवायची. बस, एवढंच! मी वर्गाबाहेर जाऊन रडले.

काल मुख्याध्यापकांना म्हटलं, “तिला परत घेऊ या.”

“बाई, तुम्हीच नको म्हणाला होतात ना?”

“हो. चूक माझी, म्हणून मीच मागतेय. माझ्याच वर्गात द्या.”

मग त्यांनी प्रवेशाचा अर्ज पुढे सरकवला.

हे पत्र मी टाकणार नाही. माफी कागदावर मागणं म्हणजे पुन्हा लपणंच. उद्या शाळा सुटली की अर्ज घेऊन तुमच्याकडे येते. दार लावून घेतलंत, तर परवा पुन्हा येईन.

तिच्या बाई