जिभेखालचा खडा

४ फेब्रु., मंगळ.
पहिला घास घेतला नि जबड्याखाली लिंबाएवढं टरारलं. सूनबाईचं तेच, "आई, गालगुंड आहे." या वयात? परत आंबेहळदीचा लेप. दिवाळीपासून आंबट बंद, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. शाळेत पोरं ऐकतात हिचं, म्हणून घरीही. पिवळा गाल घेऊन बसलेय मांजलपूरला, चौथ्या मजल्यावर. पाणीगेटला माझ्या खोलीचं दार उघडलं की रस्ता. इथं दार उघडलं की समोरचं दार.
खोलीची किल्ली लेकाच्या, विनूच्या जुडग्यात.

९ फेब्रु., रवि.
विनू फोनवर, घरमालकाशी. "आईची खोली महिनाअखेर रिकामी करून देतो." मी शेजारीच गवार मोडत होते. पोटचा पोरगा मला बहिरी समजतो.
म्हणे, "तिथं एकटी असताना सुजलं, घास अडकला, तर बघणार कोण?"
जशीबेन बघेल. भिंतीला भिंत आहे.
"ती स्वतःच लंगडते, आई."
लंगडते. मुकी नाही. हाक मारेल ना.
बरंच वाजलं. शेवटी कबूल करून घेतलं. सूज गेली तर मी माझ्या घरी. नाही गेली तर त्याचं खरं.

१३ फेब्रु.
वासण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई. नातीच्या वयाची. जिभेखाली बोट फिरवलं नि म्हणाली, "बा, पथरी छे." पथरी मूत्राची ऐकली होती, तोंडातली नाही. थुंकीच्या ग्रंथीला नळी असते, तिच्यात खडा. जेवायला बसलं की थुंकी सुटते, वाट बंद, म्हणून फुगतं. पूर्वी मानेवर कापून ग्रंथीच काढत. आता नळीतूनच केसाएवढी, बरं, काडीएवढी दुर्बीण घालतात नि तारेच्या जाळीत खडा धरून ओढतात.
"खाटुं खाओ छो?" आंबट खाता का, म्हणे.
सूनबाई पुढं सरसावून, "अजिबात देत नाही!"
"अरे बेन, खाटुं तो चूसवानुं होय!" आंबट तर चोखायचं असतं, थुंकी वाहती राहायला हवी म्हणे. आणि पाणी भरपूर.
सूनबाईचं तोंड बघण्यासारखं. पण मी हसले नाही. निर्जळी एकादश्या माझ्याच.

२० फेब्रु.
झालं. तोंड बधिर केलं, झोपवलं नाही. पडद्यावर माझंच तोंड, आतून. ओला गुलाबी बोगदा, शेवटी खडा, घट्ट बसलेला. म्हटलं, तूच का तो. जाळीत आला, ओढताना फुटला. मोठा तुकडा डबीत दिला, तुरीच्या डाळीएवढा. बारका वळणापलीकडं राहिला.
"बा, एनी मेळे नीकळी जशे." आपोआप निघेल. नाहीतर परत दुर्बीण.
आणि नाहीतर?
"नहितर ग्रंथी काढवी पडे."
विनूनं तेवढंच ऐकलं.

२४ फेब्रु.
एकादशी. पाणी प्याले. देवाला काय ते मी सांगेन.
सूज ओसरतेय. हनुवटीखाली चोळते, मागून पुढं, म्हैस पिळल्यासारखं. सूनबाईनं बरणी खाली काढली, आपटलीच समोर. "घ्या आई, चोखा." मग पदराला पुसून झाकणही उघडून दिलं. वाईट नाही ती. पण
खोलीचं विचारलं. विनू म्हणतो, उपासाच्या खिचडीनं सूज गेली की नाही काय कळणार, नीट जेवणावर बघू.
जशीबेनचा फोन. "क्यारे आवो छो?" कधी येताय. काय सांगू हिला.

२८ फेब्रु., शुक्र.
महिनाअखेर. घरमालकाचा फोन सकाळीच. विनू म्हणाला, "जेवण झालं की कळवतो."
ताटात अर्ध्या लिंबाची फोड. सूनबाई उभी. विनूनं समोर खुर्ची ओढली, किल्ल्यांचं जुडगं टेबलावर. "चोख आई. फुगलं नाही तर आजच सोडतो तुला." चौथीच्या परीक्षेलाही इतकं कुणी टक लावून बसलं नव्हतं.
फोड तोंडात आहे. बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. पाणी सुटलंय, भरपूर. जबड्याखाली काहीतरी सरकतंय. थुंकी की खडा की
विनू म्हणतो, "वही ठेव. मान वर कर, बघू दे."
हातानंच सांगितलं, थांब. किल्ली माझ्या हाताजवळ आहे. जबड्याखाली हात लावून बघत नाही. एवढी ओळ होऊ दे.