नववी ओळ आणि संत्र्यांची टोपली

सर,

काल इथे अकोल्याच्या कॉलेजात मी तेच चौदा ओळींचं इंग्रजी सुनीत शिकवलं, जे तुम्ही आम्हाला अमरावतीला शिकवलं होतं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तिचं एवढं कौतुक करतो, तर सरळ मागणी का घालत नाही हा कवी?" सगळा वर्ग हसला. तुमच्या वर्गात असं कोणी विचारलं असतं तर तुम्ही खडू टाकून पळालाच असता. आम्ही तिघी मुली तुमच्या मागोमाग वर्गात शिरायचो आणि तुमच्या मागोमागच बाहेर पडायचो, तशी रीतच होती. प्रेमाची कविता आली की तुम्ही आमच्याकडे न बघता खिडकीबाहेरच्या कडुनिंबालाच ती शिकवायचात. कान लाल, पण शिकवणं खणखणीत. "पहिल्या आठ ओळींत हा तिच्या डोळ्यांचं, केसांचं कौतुक करतो. ऐकून घ्या, हुरळू नका. नवव्या ओळीत 'पण' येतो, तिथे कान टवकारा. खरी गोष्ट तिथून सुरू होते. आणि शेवटच्या दोन ओळींत त्याला काय ते एकदाचं सांगावंच लागतं. माणूस तिथे कळतो." मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. उपयोगी पडलं ते आमच्या ओसरीवर.

त्याच हिवाळ्यात अकोल्याचे पाहुणे मला बघायला आमच्या गावी, चांदूर बाजारला आले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, बी.ए.ची परीक्षा नागपूरची आणि ती उन्हाळ्याच्या तोंडावर. स्थळ पटलं तर कॉलेज सुटणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला परीक्षा द्यायचीच होती, आणि हे कोणाला सांगावं ते कळत नव्हतं. मी मान खाली घालून बसले आहे. मुलाचे मामा बोलताहेत. चहा झकास, शेवंती टपोरी, "असे संत्रे त आमच्या अकोल्यात पाहाले भेटत नाई." मग माझी पाळी. पोरगी गुणाची, पोरगी हुशार. माळीकाम करून पोरीला शिकवणारे माझे बाबा पार विरघळून गेलेले. मी मात्र मनात ओळी मोजते आहे. सातवी, आठवी. आणि मामा चिवड्याची बशी खाली ठेवून म्हणतात, "पन आता कालेज कायले पायजे? पुढच्या महिन्यात बार उडवून देऊ." बाबांची मान होकाराला हलणार, एवढ्यात मी मुलाकडे बघून बोलून गेले, "मामाचं झालं. आता तुमी सांगा."

आईने आतून बांगड्या वाजवल्या, म्हणजे गप्प बस. मुलगा इतका वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "तिले परीक्षा देऊ द्या. मी थांबतो."

दोनच ओळी, सर. मला इतका आनंद झाला की रडूच आलं, आणि आईला वाटलं स्थळ मोडलं. पाहुणे गेल्यावर बाबांनी विचारलं, "कोनं शिकवलं तुले असं बोलाले?" मी म्हटलं, कॉलेजात. दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेतली निवडक संत्री टोपलीत भरली आणि भाजीच्या गाडीवाल्याकरवी तुमच्याकडे पोचवली. नाव सांगायचं नाही, मास्तर लोकांना अवघडल्यासारखं होतं, असं मला आणि त्यालाही बजावलं.

तुम्ही ती टोपली तशीच वर्गात आणलीत. "मार्कांसाठी कोणी पाठवली असेल तर परत न्या," म्हणालात, आणि मी पुस्तकात डोकं खुपसलं. खरं सांगायला गेले असते, तर सगळी प्रेमकहाणीच सांगावी लागली असती, तीही कडुनिंबाकडे बघणाऱ्या माणसाला. मागच्या बाकांवरच्या मुलांनी टोपली फस्त केली. तुम्ही एका फोडीलाही हात लावला नाहीत.

परीक्षा मी पास झाले. थांबणारा माणूस आत्ता माझ्यासमोर संत्रं सोलतो आहे. कोणाला लिहितेस म्हणून विचारतो. सरांना, म्हटलं, तर त्याने फोडी माझ्यापुढे सरकवल्या. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे कुठे पाठवणार?

टोपली आमची होती, सर. बाबा मरेपर्यंत दर हंगामात विचारायचे, मास्तरांनी खाल्ले होते ना? आणि मी दर वेळी सांगायची, दोन खाल्ले, साल काढायचीही घाई झाली होती त्यांना.