बिनविजेचा दिवा आणि अप्पांचा उपास

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

बीड,
ता. १५ नोव्हेंबर १९९५

ती. केदारदादास,
शिवकन्येचा नमस्कार. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, खरं-खोटं पुढं वाचून तूच ठरव. सत्यशीलावहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुझं दिवाळीचं भेटकार्ड पोचलं. अप्पांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, "बरं हाय" म्हणाले आणि रेडिओवर ठेवून दिलं. फाडलं नाही. आपल्या घराच्या मानानं ही लई मोठी प्रगती झाली.

हे पत्र मी अप्पांच्या हुकमावरून लिहितेय. त्यांनी सांगितलेला मजकूर असा: "दुकानामागच्या गोदामात यंत्र तयार झालंय. वीज न्हाई, डिझेल न्हाई, तरी शंभराचा बल्ब जळतो. कशावर जळतो ते केदारनाथला कळव." झालं, कळवलं. आता माझं ऐक.

तू म्हणशील फोन कावून नाही केला. अरे, चौकात आता काचेचा एसटीडी बूथ झालाय, पण तो चालवणारा पंडित कान टवकारून बसतो. आत बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या मोंढ्याच्या बाजारात पोचतं. त्यापेक्षा पत्र बरं.

तर यंत्राचं. उत्तरेश्वर म्हणून एक जण आहे, शिरूर कासारकडचा, तिशीतला. आईबाप ऊसतोडीला जातात. हा बीडात विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा, हात चांगला होता म्हणतात. मग काय डोक्यात शिरलं कोण जाणे, सगळा श्रावण कपिलधारला धबधब्याच्या कडेला जाऊन बसला. तिथं त्याला एक सिद्ध दिसतो. तोच सांगतो म्हणे, तांब्याच्या तारेचे वेढे कुठून कसे घ्यायचे, लोहचुंबक कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायचं, कोणता मंत्र म्हणायचा. गिऱ्हाइकांच्या मोटारी तशाच पडून राहिल्या आणि हा वेढे घेत बसला. अप्पांनी त्याला गोदाम दिलं. फुकट. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला पसाभर डाळ फुकट दिली नाही, त्यानं!

दिवाळीत सूर्यग्रहण लागलं, सगळं गाव दारं लावून बसलं, तेव्हा यानं यंत्र सुरू केलं. बल्ब लागला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. लोडशेडिंगमध्ये सगळी गल्ली अंधारात आणि आपलं गोदाम लख्ख! पेपरात छापून आलं. अर्जुनराव पुढारी हार घालून, भाषण ठोकून गेले, जपानची कंपनी येणार म्हणाले. आता सगळ्याच कंपन्या येतात, तर म्हटलं ही पण येईल. मग अंधश्रद्धा निर्मूलनवाली पोरं आली, "यंत्र उघडून दाखव" म्हणाली. हा म्हणे, उघडलं की शक्ती निघून जाते. धक्काबुक्की झाली. अर्धा मोंढा त्याला शास्त्रज्ञ म्हणतो, अर्धा चारसोबीस.

हसू नको. दोन महिन्यांमागं गणपती दूध प्यायला तेव्हा मीसुद्धा लिंबागणेशला रांगेत होते. चमचा मी माझ्या हातानं सोंडेला लावला, रिकामा झाला. का झाला, मला माहीत नाही. आमचे हे म्हणतात, तुझा हात हलला असेल. असेल बाबा. माझं डोकं त्या दिवसापासून जे फिरलंय ते अजून थांबलेलं नाही.

थोड्याच दिवसांत बल्ब आपोआप विझला. उत्तरेश्वर डोळे मिटून बसला आणि उठून म्हणाला, सिद्ध सांगतो, यंत्राला जीव पाहिजे. रोजच्या पूजेतलं इष्टलिंग आत बसवा.

दादा, पुढचं नीट वाच. मला हे तुला सांगायची बंदी होती.

तू गेलास त्या दिवशी गळ्यातलं लिंग काढून दुकानातल्या तराजूच्या पारड्यात ठेवलंस. गिऱ्हाइकांसमोर. "हा दगड आहे अप्पा, गळ्यात खोटं बांधून मी फिरणार नाही," असं म्हणालास. तुला वाटत असेल, अप्पांनी ते कुठं नदीत सोडलं. तुझं लिंग देवघराच्या कोनाड्यात आहे. अप्पा रोज आंघोळ झाली की आपलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करतात, आणि मग तुझं घेतात. त्यालाही पाणी, भस्म, बेल. एक दिवस चुकवलेला नाही. ताप असला तरी नाही.

उत्तरेश्वरानं कोनाड्याकडं बोट केलं. "हे एक पडूनच हाय की अप्पा. कुणी घालत न्हाई. हेच द्या."

अप्पा म्हणाले, "ते केदारचं हाय. मला देता येत न्हाई."

आणि पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेहून आले ते सरळ गोदामात गेले आणि गळ्यातलं आपलं काढून दिलं. बल्ब परत लागला. मी तिथंच उभी होते.

पण लिंग गळ्यात नाही म्हणजे पूजा नाही, आणि पूजा नाही म्हणजे घास नाही. हे तुला मी काय सांगू? अप्पांनी त्या दिवसापासून अन्न सोडलं. पाणी तेवढं घ्यायचे, तीही सूट स्वतःच स्वतःला दिलेली. मी पाया पडले, भांडले, डोकं आपटून घेतलं. मठातल्या महाराजांना बोलावून आणलं, ते म्हणाले हरवलं असेल तर विधी करून दुसरं देतो. अप्पा म्हणतात, "हरवलं कुठं? कामाला गेलंय." सांग आता, या माणसाशी काय बोलावं? शेवटी शेवटी खाटेवरून उठता येईना. डॉक्टरांनी सलाइन आणलं तर हात आवळून घेतला, लहान पोरासारखा. तोंडाला कोरड, आवाज नुसता वारा.

मी म्हटलं, "अप्पा, कावून करता हे?"

म्हणाले, "केदार दगड म्हणला न्हवं? त्याच्या कंपनीत मोटारी बनतात. येऊन बघू दे, दगड काय करतो ते."

ऐकलंस? ते यंत्र गावासाठी नाही, जपानसाठी नाही. तुझ्यासाठी चाललंय. तू गेल्यापासून ज्या माणसानं तुझं नाव तोंडातून काढलं नव्हतं, त्यानं या यंत्रापायी काढलं. मी तुला दोष देत नाही. थोडा देते. त्यांना जास्त देते. दोघंही एका मापाचे हट्टी, आणि मधल्यामधी माझं मरण.

परवा बाजाराचा दिवस होता. भर दुपारी उत्तरेश्वर जेवायला गेला, तशी मी स्वयंपाकघरातलं उलथणं घेतलं आणि गोदामात शिरले. यंत्राचं झाकण उचकटलं. शक्ती जाते तर जाऊ दे, माझा बाप जातोय. आत तांब्याच्या तारांची गुंडाळी, चुंबकं, मेणानं बंद केलेली बरणी, सगळीकडं भस्म. मधोमध रेशमी फडक्यात अप्पांचं लिंग. मी डोळे गच्च मिटले, "महादेवा, माफ कर" म्हटलं आणि ओढून काढलं.

डोळे उघडले. बल्ब चालूच.

तसाच, दादा! जरासुद्धा मंद नाही. मी बघतच राहिले. मागं चाहूल लागली म्हणून वळले तर दारात उत्तरेश्वर. मला वाटलं आता हा अंगावर येतो. त्यानं माझ्या मुठीकडं बघितलं, बल्बकडं बघितलं आणि मटकन खाली बसला.

"ताई," म्हणाला, "मग हे कशावर चाललंय?"

मला विचारतो! अरे, तू शास्त्रज्ञ ना? पण त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "सिद्ध माझ्याशी खोटं बोलला का ताई?" असं सारखं म्हणत राहिला. लबाड माणूस असा रडतो का? की लबाडच असा रडतो? मला कळत नाही. यंत्राच्या खालून तीन तारा जमिनीत गेल्यात, एवढं मी बघितलं. आणि गोदामाच्या भिंतीपलीकडून दवाखान्याची लाइन जाते, तिकडं लोडशेडिंग नसतं. याचा त्याचा काही संबंध लागतो का, ते तू इंजिनिअर आहेस, तू बघ. आणि संबंध नसेल तर मग मी काय समजू?

लिंग पदरात बांधून घरी आले. अप्पांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दिवा?"

मी म्हटलं, "विझला अप्पा. हे काढलं आणि फट्कन विझला."

असं म्हटलं नसतं तर त्यांनी ते घेतलंच नसतं. पडल्या पडल्या पूजा केली. दुधात कुस्करलेली भाकरी मी चमच्यानं भरवली, वाटीभर खाल्ली. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. वाटलं, सुटलो.

कसलं सुटतोय! संध्याकाळी उशीला टेकून बसले, तोंडावर तेज. "बघ, म्हणलं होतं का न्हाई? माझ्या लिंगावरच चालत होतं. आता अमावस्येला परत बसवतो. या बारीला काढायचं न्हाई, मी गेलो तरी न्हाई. शिवकन्या, केदारला लिही." तोच हा वर लिहिलेला मजकूर.

माझ्या खोट्यानं दोन दिवसांचं अन्न पोटात गेलं आणि त्याच खोट्यानं ते आता मरायला निघालेत. खरं सांगावं तर माझं ऐकणार नाहीत, "तुला विजेतलं काय कळतं" म्हणतील. आणि ऐकलं तर? आपण उपाशी राहिलो ते फुकट, केदार बरोबर होता, दगड तो दगडच, हे त्या माणसानं या वयात कसं गिळायचं? गोदामाला मी कुलूप लावलंय, किल्ली माझ्या कमरेला आहे. उत्तरेश्वर बाहेर ओट्यावर बसून असतो. दाराच्या फटीतून उजेड दिसतो म्हणून तिथं पोती लावलीत. तो दिवा अजून चालूच आहे.

दादा, अमावस्या बावीसला आहे. त्याच्या आधी ये. यंत्र तपासायला येऊ नको, ते नंतर तपास, मोडून टाक, काय वाटेल ते कर. आधी आंघोळ कर, कोनाड्यातलं तुझं लिंग गळ्यात बांध आणि अप्पांसमोर बस. म्हण, "अप्पा, मानलं. तुम्ही जिंकलात." एवढंच. जिंकलेल्या माणसाला यंत्रात काही ठेवायची गरज राहत नाही. तुझं तुलाच दिल्यासारखं होईल आणि त्यांचं त्यांच्या गळ्यात राहील.

मला ठाऊक आहे, हे तुझ्या दृष्टीनं खोटं आहे. खोटं बोलवत नाही म्हणून तर तू घर सोडलंस, आणि मला त्याचा अभिमान होता. कधी बोलले नाही, आज लिहिते. पण मी एक खोटं बोलले तर बाप दोन दिवस जेवला. तू एक बोललास तर मरेपर्यंत जेवेल. खरं बोलून आपण दोघं कुणाला वाढणार आहोत रे?

तुझी वाट बघणारी, आणि तू आलास की तुझ्या तोंडाकडं न बघता ताट वाढणारी,
खोटारडी शिवकन्या