एक्केचाळीस डॉक्टर

२ नोव्हेंबर, रविवार
आमच्या तांता शहरातल्या शिक्षकांचं ट्रेनिंग. बाई म्हणाल्या, शिकवणं दोन गोष्टींवर ठरतं: पोरींशी तुमचं किती जमतं आणि कामाची उमेद किती आहे. स्वतःला मार्क द्यायचा फॉर्म होता. जमणं: दहापैकी दहा. उमेद: दहा. (अकराची सोय नव्हती.) गृहपाठ: वर्गातल्या प्रत्येक मुलीचं नाव आणि तिची एक खबर लिहून आणा. एक्केचाळीस मुली, पंधरा दिवस. डाव्या हातचा मळ.

३ नोव्हेंबर, सोमवार
एकही नाव झालं नाही. पण नावं हवीत कशाला? मी सगळ्यांनाच ‘डॉक्टर’ म्हणतो. भूगोलात नापास होणारीलासुद्धा. पोरी खूश. यालाच उमेद देणं म्हणतात. शेजारच्या वर्गाच्या मिस विजदान म्हणाल्या, मिस्टर शौकी, एवढे डॉक्टर केलेत, पण एकीची तरी नाडी बघितलीत का? जळतात.

९ नोव्हेंबर, रविवार
फळा पुसलेला नाही. रोज खिडकीजवळची डॉक्टर पुसते. ती कुठाय, विचारलं. एक जण म्हणाली, मिस्टर, ती पंधरा दिवस येत नाहीये. स्टेशनमागे बापाच्या गाडीवर असते. फळा आम्हीच आळीपाळीने पुसतो, आज पाळीवरून भांडण झालं.
हजेरीपट उघडला. पंधराही दिवस ती हजर. सगळ्याच हजर. मी विश्वासाने टिक करतो.
मग आठवलं आणि मेलोच. शेवटच्या दिवशी ती दाराशी आली होती. मिस्टर, दोन मिनिटं बोलू? मी म्हणालो, उद्या, डॉक्टर. माझा चहा गार होत होता.
रात्री डाळ-भाताची कोशरी घशाखाली उतरली नाही. (अर्धी उतरली.)

११ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळ
तिच्याकडे जाणार होतो. पाऊस. म्हणजे ढग होते. इन्साफ म्हणाली, अहो, डॉमिनो खेळायला कॅफेत जाता तेव्हा बरे ढग नसतात! बायकोला भूगोल कळत नाही. पण मान वर करून तिच्याकडे बघवलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
गेलो. मिठाईचा डबा घेऊन. ताअमियाच्या गाडीवर एक पोरगी वडे तळत होती. म्हटलं, बाळ, तुझी बहीण कुठंय? मी तिचा भूगोलाचा मास्तर. माझी एकेक मुलगी मला तोंडपाठ आहे. मुलांच्या मनात शिरावं लागतं, असं बरंच बोललो. तिने चार वडे भाकरीत भरून हातात दिले. म्हणाली, मिस्टर, मीच ती.
धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.
बापाचा हात तेलाने भाजलाय. सकाळी गाडी लावून दुसऱ्या तासाला आले तर चालेल का, एवढंच तिला त्या दिवशी विचारायचं होतं. एवढंच! म्हटलं, चालेल गं, उद्यापासून ये. ती म्हणाली, उद्या शुक्रवार, मिस्टर, सुट्टी. बरं, रविवारी. नक्की ये हं, डॉक्टर. ती हसली. वड्यांचे पैसे घेतले नाहीत.

त्याच दिवशी, घरी
फॉर्म काढला. दोन्हीकडच्या दहाचे दोन केले. मग यादी. एक तरी खबर आता माझ्याकडे आहे. लिहिली: बापाचा हात भाजलाय. नावाच्या रकान्यावर पेन टेकवलं.
नाव विचारायचंच राहिलं.
हजेरीपटात शोधावं, तर सगळ्याच हजर.